लॉकवाले जुने सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालवायचे कसे

डीटीपीच्या दुकानातला किंवा छापखान्यातला जुना पीसी बंद पडला तर हार्ड डिस्कवरचा डेटा बहुधा वाचवता येतो. पेजमेकरची सीडीही कपाटात सापडते. गाडी अडते ती लॉकपाशी, म्हणजे सॉफ्टवेअरची नक्कल होऊ नये म्हणून त्याच्यासोबत मिळालेल्या, पीसीच्या पोर्टला लावायच्या छोट्या डोंगलपाशी. नव्या मशीनवर सॉफ्टवेअर टाकले, लॉक लावले, तरी पडद्यावर ‘लॉक सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. मग लॉक गेले असे समजून ते खणात पडते, आणि पुढच्या आवराआवरीत कचऱ्यात जाते. खरे तर बहुतेक वेळा लॉक धडधाकट असते. चालत नसतो तो लॉक आणि नवी विंडोज यांच्यामधला ड्रायव्हर, म्हणजे दोघांचा संवाद घडवणारा छोटा प्रोग्राम. त्यामुळे कोणतेही लॉक टाकून देण्याआधी खालची तपासणी करा.

हा लेख मुख्यतः मराठी टायपिंग आणि फॉन्टच्या जुन्या पॅकेजांसाठी आहे: श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या लॉकसह विकल्या गेलेल्या आवृत्त्या आणि त्यांच्या जोडीला पाने मांडायचे पेजमेकर किंवा चित्रे-डिझाइनचे कोरलड्रॉ. ड्रॉइंगची, भरतकाम मशीनची किंवा प्रयोगशाळेतल्या यंत्रांची जुनी सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांनाही पायऱ्या याच आहेत.

लॉक काम कसे करते

सॉफ्टवेअर सुरू होताना, आणि पुष्कळदा चालू असतानाही मधूनमधून, लॉकमधल्या चिपकडे एक प्रश्न जातो. चिप आपले गणित करून उत्तर देते, ते जुळले तरच काम पुढे सरकते. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये प्रोग्रामला पोर्टशी थेट बोलता यायचे. विंडोज एनटी, २००० आणि एक्सपीमध्ये ती मुभा नाही, तिथे ड्रायव्हर लागतोच. ६४-बिट विंडोजवर तर ड्रायव्हरही ६४-बिटच हवा आणि त्यावर डिजिटल सही हवी. एक्सपीच्या काळातल्या सीडीवरचा ३२-बिट ड्रायव्हर ६४-बिट विंडोज १० किंवा ११ वर बसणारच नाही. कितीही वेळा ‘कंपॅटिबिलिटी मोड’ लावला तरी उपयोग नाही, कारण तो मोड प्रोग्रामसाठी असतो, ड्रायव्हरसाठी नाही.

म्हणजे बिघाड तीनपैकी एका ठिकाणी असतो: लॉक, ड्रायव्हर किंवा सॉफ्टवेअर. कुठे ते आधी ठरवा, मगच हात घाला. सगळे एकदम बदलत बसलात तर शेवटी काय कशामुळे चालले हेही कळत नाही.

पायरी १: लॉक ओळखा

जुनी लॉक पॅरलल पोर्टची, म्हणजे प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टची असतात. एका बाजूला पिना, दुसऱ्या बाजूला भोके. पिनांची बाजू कॉम्प्युटरला आणि भोकांच्या बाजूला प्रिंटरची केबल. पीसीच्या मागे पॅरलल पोर्ट नेहमी २५ भोकांचा असतो. फार जुन्या मशीनवर २५ पिना वर आलेला दुसरा एक पोर्ट दिसला तर तो सिरियल पोर्ट आहे. जेंडर चेंजर लावून लॉक तिथे जोडू नका. सिरियल पोर्टचे व्होल्टेज वेगळे असते, लॉक जळू शकते.

यूएसबी लॉक ओळखायला ड्रायव्हर लागत नाही. लॉक लावा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘अननोन डिव्हाइस’ किंवा पिवळ्या खुणेच्या नोंदीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स आणि यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. तिथे व्हीआयडी या अक्षरांपुढे चार खुणांचा क्रमांक दिसतो:

- ०५२९: अलादीन कंपनीचे हॅस्प
- ०४बी९: रेनबो कंपनीचे सेंटिनल
- ०६४एफ: विबू कंपनीचे विबूकी किंवा कोडमीटर

लॉकवर कंपनीचे नाव पुसट झाले असले तरी हा क्रमांक खोटे बोलत नाही. पहिल्या दोन कंपन्या आता स्वतंत्र राहिलेल्या नाहीत. रेनबो २००४ मध्ये सेफनेटमध्ये गेली, पुढे अलादीनही तिथेच आली, सेफनेट जेमाल्टोने घेतली आणि जेमाल्टो २०१९ मध्ये थालेसकडे गेली. त्यामुळे हॅस्प असो वा सेंटिनल, आजचे अधिकृत ड्रायव्हर थालेसच्या संकेतस्थळावर शोधायचे. ‘फ्री ड्रायव्हर’ अशा पाट्या लावलेल्या भलत्याच साइटवरून काही उतरवू नका. ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात चालतो. तिथे चुकीचे काही शिरले तर सगळे मशीन हातचे गेले.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये काहीच उमटत नसेल तर पोर्ट बदला, हब काढून थेट पीसीच्या मागच्या पोर्टला लावा, दुसऱ्या मशीनवर बघा. दोन-तीन मशीनवर कुठेच नोंद येत नसेल, तरच लॉकवर संशय घ्या.

पायरी २: सॉफ्टवेअर १६-बिट की ३२-बिट

डॉससाठी किंवा विंडोज ३.१ साठी बनलेले सॉफ्टवेअर १६-बिट असते आणि ते ६४-बिट विंडोजवर चालतच नाही. विंडोज ११ फक्त ६४-बिटच येते, त्यामुळे तिथे विषय संपला. विंडोज ९५ नंतरची बहुतेक पॅकेजे ३२-बिट आहेत, ती चालू शकतात.

इथे एक फसवी जागा आहे. त्या काळातल्या कितीतरी सीडींवर सॉफ्टवेअर ३२-बिट असूनही त्याचा सेटअप मात्र १६-बिट असतो. सेटअपवर डबल क्लिक केल्यावर ‘हा अॅप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही’ असे आले म्हणून सॉफ्टवेअरच निकालात काढू नका. इन्स्टॉलशील्ड या सेटअप बनवायच्या साधनाच्या ५ क्रमांकाच्या आवृत्तीने बनलेल्या काही सेटअपना ६४-बिट विंडोज ओळखते आणि त्यांच्या जागी स्वतःची ३२-बिट प्रत चालवते. बाकीच्यांसाठी खाली सांगितलेले व्हर्च्युअल मशीन, म्हणजे नव्या विंडोजच्या आत एका खिडकीत चालणारा आभासी जुना पीसी, हा सरळ मार्ग.

पायरी ३: मार्ग निवडा

आधी निर्मात्याला फोन करा. श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे, आयएसएम सी-डॅकचे. पॅरलल लॉक जमा करून यूएसबी लॉक मिळते का, जुन्या परवान्यावर नवी आवृत्ती सवलतीत मिळते का, हे विचारायला पैसे पडत नाहीत. फोन करताना लॉकवरचा क्रमांक, पॅकेजची आवृत्ती आणि मिळाल्यास मूळ बिल समोर ठेवा.

तिकडून काही होत नसेल तर:

- यूएसबी लॉक आणि ३२-बिट सॉफ्टवेअर असेल तर नव्या विंडोजवर थेट प्रयत्न करा.
- यूएसबी लॉक आहे, पण सॉफ्टवेअर १६-बिट आहे किंवा ६४-बिट ड्रायव्हर नाही, तर व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्सपी.
- पॅरलल लॉक असेल तर खराखुरा पॅरलल पोर्ट असलेले मशीन मिळवा.

डीटीपीच्या कामासाठी आमचा कौल दुसऱ्या मार्गाला आहे, थेट प्रयत्न यशस्वी झाला तरीही. पेजमेकर, टायपिंगचे सॉफ्टवेअर, फॉन्ट आणि लॉक ही सगळी एकाच काळातली मंडळी एक्सपीत एकत्र सुखाने राहतात. नव्या विंडोजवर एक जुळवले तर दुसरे रुसते, आणि एखाद्या मोठ्या अपडेटनंतर जुळवलेलेही बिघडते.

थेट नव्या विंडोजवर

१. लॉक काढून ठेवा. यूएसबी लॉकच्या बाबतीत आधी ड्रायव्हर, मग लॉक, हाच क्रम. आधी लॉक लावले की विंडोज स्वतःच्या मनाने अर्धवट ड्रायव्हर शोधते आणि पुढचा घोळ तिथून सुरू होतो.

२. जुन्या ड्रायव्हरचे अवशेष काढा. कंट्रोल पॅनेलच्या यादीतून हॅस्प किंवा सेंटिनल नावाचे जे असेल ते अनइन्स्टॉल करा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूतून ‘शो हिडन डिव्हायसेस’ चालू करून फिक्या रंगातल्या जुन्या नोंदी काढा आणि मशीन रीस्टार्ट करा.

३. सॉफ्टवेअर इन्स्टॉल करा, पण सेटअपने ‘लॉकचा ड्रायव्हर टाकू का?’ असे विचारले तर नाही म्हणा. हॅस्पचे फार जुने ड्रायव्हर नव्या विंडोजवर निळा पडदा आणतात किंवा विंडोज ते अडवते.

४. थालेसचा ड्रायव्हर टाका. हॅस्पसाठी ‘सेंटिनल रन-टाइम’, जुन्या सेंटिनल सुपरप्रो आणि अल्ट्राप्रोसाठी ‘सेंटिनल प्रोटेक्शन इन्स्टॉलर’. ही दोन वेगळी आहेत. एकाच्या जागी दुसरा टाकून ‘चालत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. सगळ्यात नवी आवृत्ती हीच सगळ्यात बरी असेही नाही: फार जुन्या लॉकचा आधार पुढच्या आवृत्त्यांमध्ये कमी होत गेला आहे, तेव्हा सोबतची माहिती वाचून तुमचे लॉक यादीत आहे ना ते पाहा.

५. रीस्टार्ट करा, मग लॉक लावा. हॅस्पच्या यूएसबी लॉकमध्ये छोटा दिवा असतो. तो स्थिर लागला म्हणजे ड्रायव्हरने लॉक ओळखले. दिवा लागला आणि तरी सॉफ्टवेअर तक्रार करते आहे, तर दोष लॉकचा नाही; सॉफ्टवेअरच्या बाजूला शोधा.

६. सेंटिनल रन-टाइम टाकले असेल तर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, पोर्ट १९४७ हा पत्ता उघडा. तिथे लागलेल्या लॉकची यादी दिसते. स्वतःच्या मशीनचेच पान आहे, इंटरनेट लागत नाही.

विंडोज ११ वर ड्रायव्हर बसूनही सुरू होत नसेल तर विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन पाहा. ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू असताना बरेच जुने ड्रायव्हर अडवले जातात. ती बंद केली की ड्रायव्हर चालेल, पण मशीनचे संरक्षण कमी होते. ज्या पीसीवर बँकेची कामे आणि ईमेल चालतात, तिथे ती बंद करू नका. अशा वेळी व्हर्च्युअल मशीनकडे वळा.

हॅस्पच्या नव्या पिढीचे संदेश क्रमांकासह येतात आणि त्यावरून नेमके कळते. एच०००७ म्हणजे लॉक सापडले नाही. एच००३३ म्हणजे रन-टाइमशीच संपर्क होत नाही, तेव्हा ड्रायव्हर पुन्हा टाका. एच००२७ आला की नवखे गोंधळतात: याचा अर्थ तुम्ही रिमोट डेस्कटॉपवरून मशीन उघडले आहे. एका लॉकवर दहा जणांनी दुरून काम करू नये म्हणून पुष्कळ सॉफ्टवेअर रिमोट सेशन दिसले की थांबतात. मशीनसमोर बसून उघडा, चालेल.

टायपिंगच होत नाही, लॉक तर सापडले

मराठी टायपिंगच्या जुन्या पॅकेजांमध्ये हा त्रास लॉकइतकाच सतावतो आणि बिचाऱ्या लॉकवर आळ येतो. कारणे दोन.

पहिले कारण बिटचे. टायपिंगचे सॉफ्टवेअर कीबोर्डवरची प्रत्येक कळ मध्येच पकडते आणि तिच्या जागी मराठी अक्षराचा कोड देते. ३२-बिट सॉफ्टवेअरची ही पकड ६४-बिट प्रोग्रामच्या आत पोचत नाही. पेजमेकर ३२-बिट आहे, तिथे मराठी उमटते. त्याच मशीनवर ६४-बिट वर्ड उघडले की इंग्रजीच उमटते. ऑफिस २०१० पासून ६४-बिटमध्येही मिळू लागले, कोरलड्रॉ एक्स६ पासून. म्हणून जुन्या टायपिंग पॅकेजसोबत या प्रोग्रामांच्या ३२-बिट आवृत्त्याच टाका. पेजमेकरमध्ये टाइप होऊन कोरलमध्ये होत नाही, असे दिसले की पहिली शंका हीच घ्या.

दुसरे कारण अधिकारांचे. पेजमेकर नीट चालावा म्हणून कोणीतरी त्याच्या शॉर्टकटवर ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ लावून ठेवलेले असते आणि टायपिंगचे सॉफ्टवेअर साध्या अधिकारात सुरू असते. विंडोज व्हिस्टापासून कमी अधिकाराच्या प्रोग्रामला जास्त अधिकाराच्या प्रोग्राममध्ये हात घालता येत नाही. दोन्ही एकाच पातळीवर चालवा, टायपिंग सुरू होईल.

व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्सपी

व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे. व्हीएमवेअर वर्कस्टेशनही २०२४ च्या नोव्हेंबरपासून सर्वांना मोफत झाले. विंडोजमधले हायपर-व्ही मात्र या कामाचे नाही, कारण त्यात यूएसबी लॉक सरळ आत सोडता येत नाही. खालच्या पायऱ्या व्हर्च्युअलबॉक्सच्या आहेत. एक्सपीची परवाना असलेली सीडी आणि की तुमच्याकडे हवी.

बायॉसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू करा. इंटेलवर व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम असे नाव असते. नवे मशीन तयार करताना प्रकार विंडोज एक्सपी ३२-बिट, रॅम १ जीबी, प्रोसेसर एकच, हार्ड डिस्क २० जीबी. डिस्कचा कंट्रोलर आयडीई ठेवा. एसएटीए ठेवलात तर एक्सपीच्या सेटअपला डिस्क दिसणार नाही, कारण त्या काळच्या सीडीवर तो ड्रायव्हर नाही. यूएसबी कंट्रोलर १.१, म्हणजे ओएचसीआय निवडा. एक्सपीला यूएसबी ३ कळत नाही, आणि लॉकला १.१ चा वेग भरपूर होतो.

एक्सपी बसले की मशीन बंद करा. सेटिंग्जमध्ये यूएसबी, तिथे अधिक चिन्हाच्या बटणावरून यादीतले आपले लॉक निवडा. याला फिल्टर म्हणतात: मशीन सुरू असेल तेव्हा हे लॉक बाहेरच्या विंडोजला न देता आतल्या एक्सपीला द्यायचे. फिल्टर उघडून त्यात फक्त व्हेंडर आयडी आणि प्रॉडक्ट आयडी ठेवा, बाकीचे रकाने रिकामे करा. त्यामुळे उद्या लॉक दुसऱ्या पोर्टला लावले तरी सापडेल. आता लॉक काढा, मशीन सुरू करा, एक्सपीत लॉकचा जुना ड्रायव्हर मूळ सीडीवरून टाका, मग लॉक लावा. एक्सपीत ‘फाउंड न्यू हार्डवेअर’ आले की काम झाले.

बाहेरच्या विंडोजवर लॉकचा ड्रायव्हर अजिबात टाकू नका. आधी टाकला असेल तर काढा. दोघांनी एकाच लॉकवर हक्क सांगितला की कधी आत सापडते, कधी नाही, असा लपंडाव चालू होतो. होस्ट, म्हणजे बाहेरची मूळ सिस्टिम, लिनक्स असेल तर तुमचे खाते व्हीबॉक्सयूझर्स गटात घालून पुन्हा लॉगिन करा, नाहीतर यूएसबीची यादी रिकामीच दिसते.

एक्सपीला इंटरनेट देऊ नका. मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार ८ एप्रिल २०१४ ला थांबवला. नेटवर्क अॅडॉप्टर बंद ठेवा आणि फायलींची देवाणघेवाण व्हर्च्युअलबॉक्सचे गेस्ट अॅडिशन्स हे जोडपॅकेज एक्सपीत टाकून शेअर्ड फोल्डरमधून करा. ऑफिसच्या नेटवर्कवरून करायला गेलात तर आणखी एक अडथळा येतो: एक्सपीला एसएमबी या विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या पद्धतीची फक्त पहिली आवृत्ती येते आणि नव्या विंडोजमध्ये ती मुळातच बंद असते. ती चालू करू नका.

छपाईसाठी नव्या प्रिंटरचा एक्सपी ड्रायव्हर शोधत बसू नका. एक्सपीत साधा पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर जोडा, पोर्ट ‘फाइल’ ठेवा, पेजमेकरमधून फॉन्ट आत घालून पोस्टस्क्रिप्ट फाइल काढा आणि तिची पीडीएफ करा. ती शेअर्ड फोल्डरमधून बाहेर आणून नव्या विंडोजवरून कुठेही छापा.

जुना पीसी अजून चालू असेल तर तो अख्खाच व्हर्च्युअल मशीनमध्ये आणता येतो. डिस्क काढून आयडीई-यूएसबी अॅडॉप्टरने दुसऱ्या मशीनला लावा, तिची पूर्ण प्रतिमा घ्या आणि ती व्हर्च्युअलबॉक्सच्या स्वरूपात बदला. पहिल्यांदा सुरू करताना ७बी क्रमांकाचा निळा पडदा आला तर एक्सपीला नव्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर माहीत नाही असा त्याचा अर्थ. यासाठी जुनी डिस्क मूळ मशीनमध्ये असतानाच डिव्हाइस मॅनेजरमधून आयडीई कंट्रोलरचा ड्रायव्हर बदलून ‘स्टँडर्ड ड्युअल चॅनल’ करा आणि मग प्रतिमा घ्या.

पॅरलल लॉक

बाजारात मिळणारी यूएसबी ते पॅरलल केबल या कामाला निरुपयोगी आहे. ती केवळ प्रिंटरसाठी असते. लॉकला हवा असतो पोर्टचा खरा पत्ता, पहिल्या पॅरलल पोर्टसाठी हेक्स ३७८, आणि त्यावर एकेका तारेचा ताबा. केबलमध्ये यातले काहीच नाही. दुकानदार चालेल म्हणाला तरी घेऊ नका.

पीसीआय एक्सप्रेसचे पॅरलल कार्ड निम्मे काम करते. अशा कार्डाला विंडोज ३७८ ऐवजी भलताच वरचा पत्ता देते. लॉकचा ड्रायव्हर विंडोजला विचारून पोर्ट शोधत असेल, तर लॉक सापडते. सॉफ्टवेअर ३७८ वर थेट जात असेल, तर नाही. काही ड्रायव्हरच्या सेटअपमध्ये पत्ता हाताने भरायची सोय असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या प्रॉपर्टीजमधील ‘रिसोर्सेस’मध्ये दिसणारा पहिला पत्ता तिथे भरा.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे पॅरलल पोर्ट बोर्डावरच असलेला जुना डेस्कटॉप. इंटेलच्या एच६१ आणि एच८१ चिपसेटच्या अनेक बोर्डांवर पोर्ट असतो, किंवा निदान पिनांचा हेडर असतो आणि त्याला पट्टीची केबल जोडून मागे पोर्ट काढता येतो. हेडरच्या पिनांची मांडणी सगळ्या बोर्डांची सारखी नसते, तेव्हा बोर्डाच्या पुस्तिकेशी ताडून मगच केबल घ्या. एच६१ ला एक्सपीचे ड्रायव्हरही मिळतात, म्हणून जुन्या बाजारात पर्याय असेल तर तो घ्या.

बायॉसमध्ये पॅरलल पोर्टचा पत्ता ३७८, इंटरप्ट ७ ठेवा. मोड आधी ईपीपी ठेवून पाहा, नाही सापडले तर साधा किंवा बायडायरेक्शनल, शेवटी ईसीपी. प्रत्येक बदलानंतर मशीन पूर्ण बंद करून सुरू करा. एक्सपीत डिव्हाइस मॅनेजरमधून एलपीटी१ च्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट सेटिंग्ज’ उघडून ‘एनेबल लेगसी प्लग अँड प्ले डिटेक्शन’ वर खूण करा.

लॉक सापडते आणि मध्येच हरवते, अशी तक्रार असेल तर आधी प्रिंटरची केबल लॉकमधून काढा. पॅरलल लॉकला वेगळी वीज नसते, ते पोर्टच्या तारांवरच जगते. पलीकडे बंद असलेला प्रिंटर त्या तारांमधली वीज ओढून घेतो आणि लॉक उपाशी राहते. चालू प्रिंटरही त्रास देतो: शाई किती उरली हे सतत विचारणारी त्याची छोटी खिडकी त्याच तारांवर गोंगाट करते. प्रिंटर यूएसबीवर हलवा आणि पॅरलल पोर्ट एकट्या लॉकला द्या. दोन लॉक एकामागे एक लावायची असतील आणि मागचे सापडत नसेल तर क्रम उलटा करून पाहा.

पॅरलल लॉक मशीन चालू असताना कधीही काढू-लावू नका. यूएसबीची सवय झालेल्या हातांकडून लॉक जळते ते इथेच.

लॉक सांभाळा

हरवलेले लॉक म्हणजे हरवलेला परवाना. यूएसबी लॉक पीसीच्या पुढच्या पोर्टला लावू नका, येता-जाता गुडघा लागून पिना वाकतात. मागे अर्ध्या फुटाची एक्स्टेन्शन वायर लावून लॉक कॅबिनेटला चिकटवून ठेवा. वर्षातून एकदा पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. लॉक हलवले की दिवा विझत-लागत असेल तर आतला सोल्डर सैल झाला आहे. मोबाइल दुरुस्त करणारा चांगला कारागीर तो पुन्हा लावून देतो, पण चिपला गरम हवा लावू देऊ नका. मुदत मोजणाऱ्या काही लॉकमध्ये बॅटरी असते. ती उघडून बदलू नका, निर्मात्याकडेच पाठवा.

लॉकची नक्कल करून देतो, लॉकशिवाय चालवून देतो, असे सांगणारे भेटतील. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आले. हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण मोडणे हा त्यात गुन्हा आहे. शिवाय अशा नकली लॉकचे ड्रायव्हर बसवायला विंडोजची सही तपासणी बंद करावी लागते, आणि त्या फायलींबरोबर आणखी काय आत येईल याची हमी कोणी देत नाही.

चालू आहे तोवर मजकूर बाहेर काढा

वर सांगितलेले सगळे जमले, सॉफ्टवेअर उघडले, की त्याच दिवशी हे काम सुरू करा. लॉक आज चालते म्हणून पाच वर्षांनी चालेलच असे नाही.

प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची फॉन्टसह पीडीएफ करा. मजकूर पुन्हा वापरायचा असेल तर तो युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण कोडमध्ये, न्यावा लागतो. पॅकेजसोबत कन्व्हर्टर असेल तर तोच वापरा, कारण प्रत्येक फॉन्टचा कोड निराळा असतो आणि एका पॅकेजचा तक्ता दुसऱ्याला लागू पडत नाही. पेजमेकर ६ ते ७ च्या फायली इनडिझाइनमध्ये उघडतात, पण सीएस६ किंवा त्याआधीच्या आवृत्तीतच.

रूपांतर झाले की मुद्रितशोधनाला नेमके कुठे पाहायचे ते ठरलेले आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्याच क्रमाने साठवलेली असतात: ‘कि’ मधली वेलांटी आधी, ‘क’ नंतर. रफार तर अक्षराच्या मागून येतो. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. त्यामुळे ‘वर्षी’, ‘मूर्ती’, ‘स्थिती’, ‘व्यक्तिमत्त्व’ असे शब्द आधी तपासा, म्हणजे कन्व्हर्टर कितपत भरवशाचा आहे ते एका पानात कळते. मग ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’ शोधा. यातल्या अर्ध्या ‘ऱ्’चा पुष्कळ कन्व्हर्टर सरळ रफार करून टाकतात, आणि ‘शेतकर्यांना’ असे छापून गेलेले अनेक अंकांत दिसते. शोधा-बदला वापरून हे दुरुस्त करताना एकदम सगळे बदलू नका. ‘सूर्या’तला रफार खरा आहे.

व्हर्च्युअल मशीन पूर्ण तयार झाल्यावर ते बंद करा, लॉक काढा आणि मशीनचा अख्खा फोल्डर दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी करा. त्यातली एक कॉपी दुसऱ्या एखाद्या पीसीवर उघडून, लॉक लावून, एक पान टाइप करून आणि पीडीएफ काढून बघा. इतके झाले की तो पीसी उद्या बंद पडला तरी दुपारपर्यंत काम पुन्हा सुरू होते.